‘शँटी’ : एक शब्द की दोन शब्द?

१

इंग्रजीतील ‘शँटी’ या शब्दाचे दोन अर्थ आज रूढ आहेत. लाकडाच्या ओबडधोबड फळ्यांची, तात्पुरती उभारलेली झोपडी हा एक. आणि शिडाच्या जहाजावर दोर ओढताना, नांगर उचलताना किंवा पंप चालविताना खलाशी जी गाणी म्हणत ती, हा दुसरा. पहिल्या अर्थावरून ‘शँटीटाउन’ हा सामासिक शब्द सिद्ध झाला असून मराठीत त्याचा अनुवाद ‘झोपडपट्टी’ या शब्दाने होतो. दुसरा अर्थ पूर्वी सागरी लोकगीतांच्या अभ्यासकांपुरता होता. २०२१ च्या आरंभी नॅथन इव्हान्स या स्कॉटिश गायकाने लोकप्रिय केलेल्या ‘वेलरमन’ या गाण्यामुळे तो घरोघरी पोहोचला. वस्तुतः हे गाणे काटेकोर अर्थाने श्रमगीत नव्हे. न्यूझीलंडच्या परिसरातील देवमाशांच्या शिकारीवरील ते कथागीत आहे. तरीही त्याला ‘शँटी’ म्हटले गेले, यावरून या शब्दाचा अर्थ किती सैल होत चालला आहे हे दिसते.

झोपडी आणि खलाशांचे गाणे या दोन अर्थांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे. एकाच शब्दाच्या अर्थविस्तारातून हे दोन अर्थ निर्माण झाले असतील, तर हे अनेकार्थतेचे उदाहरण ठरेल. भिन्न मुळांतून आलेले दोन शब्द उच्चाराने व लेखनाने एकरूप झाले असतील, तर ते समरूपतेचे उदाहरण ठरेल. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाने दोन स्वतंत्र नोंदी करून दुसरा पक्ष स्वीकारला आहे. परंतु सागरी गीतांच्या संग्राहकांमध्ये पहिल्या पक्षाला प्रारंभापासून वजनदार समर्थक लाभले. त्यांचे म्हणणे कोशकारांच्या अधिकाराकडे बोट दाखवून निकालात काढणे योग्य नाही. ते पुराव्यावर तपासले पाहिजे.

२

उच्चारसाम्य हा व्युत्पत्तीचा सर्वांत मोहक व सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार होय. मराठीतील ‘सन’, ‘सण’ आणि ‘सनातन’ हे तीन शब्द एकत्र ठेवून पाहावेत. वर्ष, वर्षातील उत्सव आणि वर्षानुवर्षे चालत आलेले असा अर्थाचा एक सुंदर धागा या तिघांतून ओवता येतो. पण तो धागा खोटा आहे. वर्षवाचक ‘सन’ अरबीतून आला. ‘सण’ हा संस्कृत ‘क्षण’ या शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज आहे. ‘सनातन’ या शब्दाच्या मुळाशी ‘जुना’ या अर्थाचा वैदिक ‘सन’ आहे. तीन शब्दांची तीन घराणी. त्यांचे साम्य योगायोगाचे.

यास्काने निर्वचनात अर्थाला अग्रस्थान दिले. अर्थ जुळत असेल तर एखाद्या अक्षराच्या साम्यावरही निर्वचन करण्याची त्याने मुभा ठेवली. आधुनिक तौलनिक भाषाशास्त्राने ही मुभा काढून घेतली आहे. ध्वनिपरिवर्तनाचे नियम, शब्दाच्या पहिल्या आढळाचा काल, त्या आढळाचे स्थल, आणि एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे नेणारा लिखित दुवा, या चार कसोट्यांना उतरल्याशिवाय व्युत्पत्ती सिद्ध मानता येत नाही. ‘शँटी’विषयीचे विविध पक्ष या कसोट्यांवर घासून पाहता त्यांचे बळ सारखे नाही हे लक्षात येते.

३

प्रथम झोपडी. या अर्थाचा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उंबरठ्यावर उत्तर अमेरिकेत आढळतो. झेरा हॉली यांचे ओहायोकडील प्रवासवृत्त १८२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात दहा फूट लांब व आठ फूट रुंद अशा, गुरांच्या गोठ्यासारख्या एका निवाऱ्याचे वर्णन असून त्याला त्या भागात ‘शँटी’ म्हणतात असे नमूद केले आहे. हे नमूद करणे महत्त्वाचे आहे. हॉली न्यू इंग्लंडमधून आलेले. त्यांना हा शब्द स्थानिक व खुलाशाची गरज असलेला वाटला. म्हणजे तो जुन्या वसाहतींच्या इंग्रजीतला नव्हता. सरहद्दीच्या प्रदेशात, ईरी सरोवराच्या दक्षिण तीरावर, तो नव्याने रुजत होता.

या शब्दाच्या मुळाविषयी दोन मते आहेत. पहिले मत आयरिश मुळाचे. आयरिशमध्ये ‘शान’ म्हणजे जुना आणि ‘ती’ म्हणजे घर. दोहोंचा समास ‘शान-ती’, म्हणजे जुने घर. उच्चार जवळजवळ तंतोतंत जुळतो. यातील ‘शान’ हा शब्द वर उल्लेखिलेल्या वैदिक ‘सन’चा सख्खा भाऊबंद आहे, हेही भारतीय अभ्यासकाला या मताकडे ओढणारे आहे. त्या काळी कालव्यांच्या व रस्त्यांच्या कामांवर आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते आणि पुढे अमेरिकेत दरिद्री आयरिशांना ‘शँटी आयरिश’ असे हिणवलेही जाई.

तथापि अर्थाच्या कसोटीवर हे मत लंगडे पडते. जंगल तोडून चार दिवसांत उभारलेल्या निवाऱ्याला ‘जुने घर’ का म्हणावे? आयरिशमध्ये झोपडीसाठी ‘बोहान’ हा स्वतंत्र शब्द होता आणि आयर्लंडमधील गरिबाच्या घराला इंग्रजीत ‘केबिन’ म्हणण्याचा प्रघात होता. रूपाचीही अडचण आहे. घर या अर्थाचे प्रथमेचे सामान्य रूप ‘त्याख’ असे आहे. ‘ती’ हे विभक्तीचे रूप होय. मन्स्टर प्रांताच्या बोलीत मात्र ते प्रथमेतही चालते, त्यामुळे ही अडचण निर्णायक नाही. निर्णायक गोष्ट अशी की, हा समास आयरिश भाषिकांनी झोपडीच्या अर्थाने योजल्याचा आधार पुढे आलेला नाही. ‘शँटी आयरिश’ ही शिवी शँटीत कोण राहत होते एवढेच सांगते. शब्द कोणी घडविला हे ती सांगत नाही.

दुसरे मत कॅनडातील फ्रेंच ‘शांत्ये’ या शब्दाचे. मूळ फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ लाकडाची वखार, बांधकामाची जागा, जहाजबांधणीचा कारखाना असा होतो. त्याआधीचा अर्थ पिंपे किंवा ओंडके ज्यावर ठेवतात तो लाकडी आधार. याचे मूळ लॅटिन ‘कांथेरिउस’ या शब्दात असून त्याचे दोन अर्थ होते: ओझे वाहणारा घोडा आणि छपराचा वासा. भार वाहणाऱ्या जनावराचे नाव भार पेलणाऱ्या लाकडाला मिळणे यात मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. सतारीच्या तारा जिच्यावर टेकलेल्या असतात तिला आपण ‘घोडी’च म्हणतो.

या मताला काल व स्थल दोन्ही अनुकूल आहेत. १८०६ साली नेपोलियनने युरोप खंडाची बाजारपेठ ब्रिटनला बंद केल्यावर बाल्टिक प्रदेशातून येणाऱ्या लाकडाचा मार्ग खुंटू लागला, आणि ब्रिटनची नजर कॅनडाच्या जंगलांकडे वळली. त्याच वर्षी फिलेमन राइट यांनी ओटावा नदीतून ओंडक्यांचा पहिला तराफा क्वेबेककडे नेला. या उद्योगात फ्रेंच व इंग्रजी बोलणारे मजूर एकत्र आले. हिवाळाभर जंगलात राहण्याचा जो तळ, त्याला कॅनडातील फ्रेंच भाषिक ‘शांत्ये’ म्हणत. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्या तळावरील लाकडी खोपट ‘शँटी’ झाले आणि त्यात राहणारा लाकूडतोड्या ‘शँटीमन’ अथवा ‘शँटीबॉय’ झाला. येथे ध्वनी जुळतो, काल जुळतो, स्थल जुळते, आणि तळाकडून खोपटाकडे जाणारी अर्थाची पायरीही सलग आहे. झोपडीवाचक ‘शँटी’ फ्रेंच ‘शांत्ये’पासून आला हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य ठरते.

४

आता गाणे. येथे शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. जहाजावर कामाच्या तालावर गाण्याची चाल शब्दापेक्षा जुनी आहे. रिचर्ड हेन्री डाना यांनी १८३४ ते १८३६ या काळात खलाशी म्हणून प्रवास केला आणि १८४० मध्ये त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. खलाशांच्या कामातील गाण्यांचे महत्त्व त्यांनी आवर्जून सांगितले आहे. परंतु ‘शँटी’ हा शब्द त्यांच्या लेखनात नाही. हर्मन मेल्व्हिल यांच्या १८४९ च्या ‘रेडबर्न’मध्येही कामाची गाणी आहेत, हा शब्द नाही. शब्द येतो तो चार्ल्स नॉर्डहॉफ यांच्या, १८५० नंतरच्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झालेल्या ‘द मर्चंट व्हेसल’ या पुस्तकात, आणि तोही जहाजाच्या तक्तपोशीवर नव्हे. अलाबामातील मोबील बंदरात जहाजांच्या पोटात कापसाचे गठ्ठे मळसूत्री यंत्रांनी दाबून कोंबण्याचे अतिशय कष्टाचे काम चाले. त्या काम करणाऱ्या टोळीतील मुख्य गायकाला नॉर्डहॉफ ‘शँटीमन’ म्हणतात. तो ओळ सांगे व बाकीचे झील धरीत. पोवाड्यातील शाहीर आणि झीलकरी यांची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे. फरक एवढाच की येथे झिलीच्या ठरावीक आघातावर यंत्राचा दांडा रेटला जाई.

पुढे १८६७ मध्ये जी. ई. क्लार्क यांच्या खलाशी जीवनावरील पुस्तकात, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत इंग्लंडमधील नियतकालिकांत हा शब्द स्थिर झालेला दिसतो. लेखनात आरंभापासून दुफळी होती. कोणी तो इंग्रजी ‘चँट’ या शब्दाप्रमाणे ‘च’सूचक अक्षरांनी लिहीत, कोणी झोपडीवाचक शब्दाप्रमाणे ‘श’सूचक अक्षरांनी. उच्चार मात्र सर्वांचा ‘श’चाच होता. ही दुफळी केवळ शुद्धलेखनाची नव्हती. ‘च’ लिहिणारा शब्दाचे नाते गाण्याशी लावीत होता. ‘श’ लिहिणारा, कळत वा नकळत, झोपडीशी.

गाण्याशी नाते लावणाऱ्यांचे मत असे की, हा शब्द फ्रेंच ‘शांते’, म्हणजे ‘गा’ अथवा ‘गाणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. आज्ञार्थी हाकेवरून गीतप्रकाराला नाव पडणे अशक्य नाही. आपल्याकडे कापणीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांना ‘भलरी’ म्हणतात आणि तो शब्द त्या गाण्यांच्या पालुपदातच ऐकू येतो. इंग्रजी ‘चँट’चा उच्चार ‘च’ने सुरू होतो, तर खलाशांचा शब्द ‘श’ने, या भेदाचा उलगडा फ्रेंच मुखातून शब्द आला असे मानल्यास सहज होतो. मोबील हे मूळचे फ्रेंच ठाणे, आणि न्यू ऑर्लिन्स तेथून दूर नाही.

पण हे मतही निर्दोष नाही. फ्रेंच खलाशी आपल्या श्रमगीतांना हे नाव देत नसत. ते शीड चढविण्याची गाणी, नांगराचे चक्र फिरविण्याची गाणी असा कामावरून भेद करीत. ज्या भाषेतून शब्द घेतला असे म्हणावयाचे, त्या भाषेत तो त्या अर्थी नाही, ही उणीव स्पष्ट मांडली पाहिजे. म्हणून फ्रेंच खलाशांकडून तयार नाव उचलले गेले असे न म्हणता, फ्रेंच बोलीचा वावर असलेल्या आखाती बंदरांत ‘गाणे’ या अर्थाच्या शब्दकुळातून हे नाव घडले, एवढेच म्हणणे पुराव्याला धरून होईल.

५

आता एकशब्दवाद्यांचे म्हणणे पाहू. त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार वेस्ट इंडीजचा. तेथील कृष्णवर्णीय मजुरांची लाकडी घरे जागेवरून हलविता येत. शेकडो माणसे दोर लावून घर ओढीत, छपरावर बसलेला गायक गाणे सांगे, आणि म्हणून त्या गाण्याला घराचे नाव मिळाले, अशी ही उपपत्ती. सर रिचर्ड टेरी यांनी १९२१ मध्ये ‘द शँटी बुक’चा पहिला भाग प्रसिद्ध केला, ‘श’युक्त लेखनाचा त्यांनी जोरदार पुरस्कार केला आणि या उपपत्तीला त्यांच्यामुळे प्रतिष्ठा मिळाली. चित्र मनोहर आहे आणि जात्यावरच्या ओव्या वा मोटेवरची गाणी ज्यांना परिचित आहेत, त्यांना कामाच्या वस्तूवरून गाण्याचे नाव पडणे अस्वाभाविकही वाटणार नाही. परंतु बार्बाडोसमध्ये अशा हलविता येणाऱ्या घरांचे रूढ नाव ‘चॅटल हाउस’ असे आहे. आणि शब्दाचे जुने आढळ मोबीलकडचे आहेत. कथा शब्दानंतर जन्मलेली दिसते.

दुसरा प्रकार आखाती बंदरांतील दारूच्या खोपटांचा. खलाशी तेथे जमत व गात, म्हणून गाण्यांना खोपटाचे नाव. याचा विचार तिसऱ्या प्रकाराबरोबरच करता येईल.

तिसरा प्रकार सर्वांत बलवान. लाकूडतोड्या ‘शँटीमन’ आणि जहाजावरचा ‘शँटीमन’ ही एकच संज्ञा आहे, असे त्यात मानले जाते. या दोन जगांत माणसांची खरीखुरी ये-जा होती. कॅनडाचे लाकूड क्वेबेक बंदरातून जहाजांवर चढे. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठली की क्वेबेकचे बंदर बंद पडे, आणि तेथील माल भरणारे कामगार, त्यांत आयरिशांचा भरणा मोठा, दक्षिणेकडील कापसाच्या बंदरांत कामाला जात. मोबीलमध्ये ज्या टोळ्यांत ‘शँटीमन’ हा शब्द प्रथम भेटतो, तेथपर्यंत ओटावाच्या जंगलातून निघालेली वाट अशी सलग दाखविता येते. समुद्रकिनाऱ्यावरील प्रांतांत तर एकच माणूस हिवाळ्यात जंगलात आणि उन्हाळ्यात जहाजावर आढळे. विल्यम डोअरफ्लिंगर यांच्या १९५१ च्या ‘शँटीमेन अँड शँटीबॉइज’ या संग्रहाचे शीर्षकच या शेजाराची साक्ष देते.

येथे ध्वनी, काल व स्थल या तिन्ही कसोट्या एकशब्दवाद उतरतो, हे मान्य केले पाहिजे. अडतो तो चौथ्या कसोटीवर. वाट होती म्हणजे शब्द त्या वाटेने गेलाच असे नव्हे. अर्थ कोठे व कसा बदलला हे दाखवावे लागते. जंगलातील ‘शँटीमन’ हे गायकाचे नाव नव्हते. कुऱ्हाड चालविणारा, बैल हाकणारा, स्वयंपाक करणारा, शँटीत राहणारे सारेच शँटीमन. त्यांची गाणीही निराळ्या जातीची. फ्रँझ रिकबी यांचा १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेला शँटीबॉयच्या गीतांचा संग्रह असो वा डोअरफ्लिंगर यांचा, लाकूडतोड्यांची गाणी बहुतांशी कथागीते आहेत. दिवसाचे काम संपल्यावर, खोपटाच्या मध्यभागी पेटलेल्या आगीभोवती, एकाने म्हणावयाची व इतरांनी ऐकावयाची. ती झोपडीतील विसाव्याची गाणी होती. कुऱ्हाडीच्या घावावर ती म्हटली जात नसत.

जहाजावरही विसाव्याची गाणी होती. खलाशी त्यांना ‘फोरबिटर’ म्हणत. जहाजाच्या पुढील भागी दोर गुंडाळण्याचे जे खुंट असत, त्यांच्या आसपास बसून ती म्हटली जात, म्हणून हे नाव. कामाची गाणी ती शँटी आणि विसाव्याची ती फोरबिटर, हा भेद शिडाच्या जहाजावरील माणसे कसोशीने पाळीत. १९६१ मध्ये ‘शँटीज फ्रॉम द सेव्हन सीज’ हा बृहत्संग्रह सिद्ध करणारे स्टॅन ह्यूगिल हे स्वतः शिडाच्या जहाजावरचे शँटीमन होते. मग झोपडीतील गाण्याचे नाव जहाजावर गेले असते, तर ते कोणत्या गाण्याला चिकटले असते? अर्थातच फोरबिटरला. दारूच्या खोपटांची उपपत्तीही याच ठिकाणी कोसळते. तेथील गाणीही विरंगुळ्याचीच होती. प्रत्यक्षात ‘शँटी’ हे नाव त्याच्या नेमक्या उलट टोकाच्या, केवळ श्रमाशी बांधलेल्या गाण्याला मिळाले आहे. ज्या दुव्याने दोन अर्थ जोडावयाचे तो दुवा चुकीच्या दिशेला नेतो. एकशब्दवादाविरुद्धचा हा आक्षेप उच्चाराच्या वा कालगणनेच्या कोणत्याही आक्षेपापेक्षा गंभीर आहे.

६

एवंच, ‘शँटी’ हे समरूपतेचे उदाहरण आहे. झोपडीवाचक शब्दाचे घराणे लाकडाच्या आधाराचे व वखारीचे. गीतवाचक शब्दाचे घराणे गाण्याचे. एकशब्दवाद व्युत्पत्ती म्हणून टिकला नाही, तरी इतिहास म्हणून तो निष्फळ ठरला नाही. टेरींसारख्यांच्या आग्रहामुळे ‘श’युक्त लेखन रूढ होण्यास बळ मिळाले आणि जन्माने भिन्न असलेले हे शब्द निदान इंग्लंडमधील लेखनात एकरूप झाले. लोकव्युत्पत्ती शब्दाच्या उगमाविषयी चुकते. पण त्याचे पुढचे आयुष्य ती बदलू शकते.

या वादात आणखी एका गोष्टीची गल्लत टाळणे आवश्यक आहे. नावाचे मूळ फ्रेंच ठरले म्हणून गाण्याची परंपरा फ्रेंच ठरत नाही, आणि झोपडीचा संबंध नाकारला म्हणून ज्यांच्या झोपड्या त्या कथेत आल्या त्यांचा वाटाही नाकारला जात नाही. कापसाचे गठ्ठे दाबणाऱ्या टोळ्या, नदीवरील नावाडी, बंदरांतील हमाल यांतील आफ्रिकी-अमेरिकी मजुरांच्या गायनपद्धतीवाचून शँटीचे रूप समजतच नाही. गिब श्रेफ्लर यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तिकेत या विषयावरील दीडशे वर्षांच्या लेखनाची तपासणी केली असून, या मजुरांचे स्थान झाकून शँटीला इंग्रज खलाशाची मिरास कसे बनविले गेले हे त्यांच्या विवेचनावरून ध्यानी येते. वेस्ट इंडीजची कथा व्युत्पत्ती म्हणून त्याज्य आहे; पण ती कथा सांगणाऱ्यांना गाण्याच्या मुळाशी कोणाचे श्रम आहेत याचे भान होते, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

इंग्रजी-मराठी कोश रचणाऱ्याला यातून व्यवहार्य निष्कर्ष मिळतो. ‘शँटी’ची एकच नोंद करून तिच्याखाली ‘१. झोपडी, २. खलाशांचे गाणे’ असे क्रमांक घालणे म्हणजे एका असिद्ध उपपत्तीवर मोहोर उमटविणे होय. दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. पहिलीपुढे ‘झोपडी, खोपट’ हे पर्याय पुरेसे आहेत. दुसरीपुढे ‘कोळीगीत’ लिहिण्याचा मोह आवरावा. कोळीगीत ही संज्ञा एका समाजाच्या गीतांची आहे, विशिष्ट कामाच्या तालाची नव्हे. ‘खलाशांचे श्रमगीत’ हा पर्याय थोडा लांब असला, तरी फोरबिटरला बाहेर ठेवणारा आणि म्हणून अचूक आहे.